कॉनरची त्रेचाळीस लाकडं

शुक्रवार, २४ ऑक्टोबर. कार्ल्सरूहेच्या उत्तरेला, तंबाखूच्या जुन्या कोठाराची साइट. सकाळी अकरा. हवा कोरडी, वारा पश्चिमेकडून, तापमान अकरा.

हजर: रुडी, आपला पोलिअर, म्हणजे सुतारांचा मुकादम. टिम आणि यासीन, सुतार. क्रेनवाला. नगरपालिकेतून तिघं. या कोठारात होणाऱ्या बालवाडीच्या मुख्य बाई आणि पिवळी जाकिटं घातलेली एकोणीस मुलं. नोराबाई, तुझी आई. मी, विद्या, साइटची व्यवस्थापक.

गैरहजर: कॉनर, सुतार. कारणाच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही.

साइटच्या रोजवहीत एवढंच मावतं, आणि तेही जर्मनमध्ये लिहावं लागतं. बाकीचं मी माझ्या वहीत मराठीत लिहिते आहे. ही वही तू नेहमी उलटी धरून बघायचास आणि म्हणायचास, शेफिन, म्हणजे साहेबीण, तुझी अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात. आज सगळी वाळत घातलेलीच समज. तुझ्याशीच बोलते आहे, कॉनर.

तुझा जन्म, शाळा, भावंडं हे सगळं तुझ्या गावचे पाद्री सांगतील. ते मला सांगता येणार नाही. मी तुला तीन वर्षं ओळखत होते, आणि तीही सकाळी सात ते दुपारी चार, हेल्मेट घालून. तेवढ्यातलं मात्र मला पक्कं माहीत आहे.

पहिल्या सोमवारी तू आलास तेव्हा तुझे बूट कोरे होते आणि हातात एकही कागद नव्हता. मी यादी पुढे केली: पत्त्याची नोंदणी, विमा, करक्रमांक, बँक. तू म्हणालास, पत्ताच नाही तर नोंदणी कशाची करू. तेव्हा तू कुणाच्या तरी सोफ्यावर झोपत होतास आणि खोल्या बघत फिरत होतास. चौदा खोल्या बघितल्यावर पंधरावी मिळाली, टायरच्या दुकानावरची, अकरा चौरस मीटरची. तुझ्या स्वेटरला कायम रबराचा वास यायचा. मी त्या पहिल्याच दिवशी विचारलं होतं की सुतारकाम शिकायला आयर्लंड सोडून इथे कशाला आलास. तू म्हणालास, तिकडे सुताराला व्हॅन मिळते, इथे टोपी मिळते. इथल्या सुतारांची ती रुंद काठाची काळी टोपी, काळं कॉर्डरॉयचं जाकीट, पांढरा शर्ट. मला वाटलं थट्टा करतोयस. नव्हतास करत.

आपली ओळख डब्यावरून झाली. बटर लावलेल्या ब्रेडमध्ये तू बटाट्याचे वेफर्स भरून खायचास आणि त्याला जेवण म्हणायचास. ते बघवेना म्हणून मी त्यात लसणाची चटणी घातली. दुसऱ्या दिवशी तू स्वतःचा चमचा घेऊन आलास. तिसऱ्या दिवशी माझ्या डब्यातली चटणी संपली होती आणि तू रुडीला सांगत होतास की हे मूळचं आयरिश पक्वान्न आहे, फक्त आम्ही त्यातलं लाल काहीतरी विसरलो होतो. रुडीनं एक घास खाल्ला आणि अर्धा लिटर पाणी प्यायला. त्यानंतर तो तुला नावानं हाक मारायला लागला. आधी नुसतं ‘तो आयरिश’ म्हणायचा.

त्या जेवणाच्या सुट्टीतच आपण ती दोन रकान्यांची यादी सुरू केली. डावीकडे ‘घरी काय माहीत आहे’, उजवीकडे ‘इथे काय आहे’. तुझ्या यादीत डावीकडे: शहरात फ्लॅट. उजवीकडे: टायर. डावीकडे: नाताळ साहेबांच्या घरी साजरा केला. उजवीकडे: नाताळला एकटा, सूप, दिवसभर मोबाइल. (पुढच्या नाताळला तू आमच्याकडे आलास आणि माझ्या नवऱ्यानं तुला तीन तास पत्त्यात हरवलं, म्हणजे ती ओळ निदान अर्धी तरी खरी झाली.) डावीकडे: जर्मन अस्खलित बोलतो. उजवीकडे: डेंटिस्टकडे गेला आणि सुतारकामाचे शब्द वापरून दात दाखवला.

आणि डावीकडे सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात: इंजिनिअर.

तू म्हणायचास, आमच्याकडे प्रत्येक घरातला एक जण बाहेर असतो, आणि बाहेरचा नेहमी घरच्यांपेक्षा उंच असतो. तो परत आला तरच त्याची खरी उंची कळते, म्हणून तो सहसा परत येत नाही. मी म्हणाले, कराडला वेगळं काही नाही. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्या पेठेत सांगून ठेवलंय की धाकटी जर्मनीत पूल बांधते. मी आजवर एकही पूल बांधलेला नाही. पहिली चार वर्षं ट्रकमधून उतरणाऱ्या सळ्यांच्या चिठ्ठ्या तपासल्या, नंतर शाळा, बालवाड्या, एक अग्निशमन केंद्र. हे ऐकून तुला ठसका लागला. म्हणालास, शेफिन, तू तर अस्सल आयरिश आहेस.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी तू माझं पांढरं हेल्मेट मागितलंस. साइटवर पांढरं हेल्मेट माझं आणि आर्किटेक्टचं, तुमची पिवळी. ते घालून तू समोरच्या काचेच्या इमारतीपुढे उभा राहिलास, हातात माझे नकाशे धरलेस, आणि टिमला फोटो काढायला लावलास. मी विचारलं, हे कुणासाठी? आईसाठी, म्हणालास. मी तुझ्या हातातून नकाशे काढून घेतले. त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते मिटवायचं राहून गेलं.

त्याबद्दल लिहिण्याआधी चुकीबद्दल लिहायला हवं, कारण तुझ्यावर माझा खरा विश्वास बसला तो त्या चुकीमुळे.

या कोठाराचं छप्पर दीडशे वर्षांचं. कुजलेली लाकडं काढून त्यांच्या मापाची नवीन हातानं घडवायची, खाली जमिनीवर जुळवून बघायची, खुणा करायच्या, मग क्रेननं वर न्यायची. खुणा छिन्नीनं करायच्या, रोमन आकड्यांत. मागच्या हिवाळ्यात तू दोन तिरके टेकू घडवलेस आणि त्यांच्यावर चार आणि सहा हे आकडे कोरलेस, अगदी शाळेत शिकवतात तसे. वर टिम आणि यासीननं ते उलट्या बाजूनं बघितले. उलटीकडून चाराचा सहा दिसतो आणि सहाचा चार. दोन्ही टेकू अदलाबदल होऊन बसवायला घेतले, सांधे बसेनात, यासीननं एक थोडा तासला, आणि मग लक्षात आलं. तोवर क्रेन अर्धा दिवस लटकून होती.

सुतार चार लिहिताना चार उभ्या रेघा ओढतात. गेली कित्येक शतकं ओढतात, याच कारणासाठी. रुडीनं तुला हे सांगितलंही होतं, पण तुला वाटलं की म्हाताऱ्याला रोमन आकडे येत नाहीत. बरोबर लिहिलंस म्हणून चुकलास.

मी तुला सगळ्यांसमोर बोलले. ते बोलणं इथे परत लिहीत नाही. तू मान खाली घालून ऐकलंस, एकही सबब सांगितली नाहीस, दुसऱ्या दिवशी सहाला येऊन नवीन ओंडका निवडलास आणि दोन्ही टेकू पुन्हा घडवलेस. त्यानंतर तू चार आकडा दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेनं लिहिला नाहीस. हजेरीच्या कागदावर सप्टेंबरची चार तारीखसुद्धा चार रेघांची आहे, आणि ऑफिसातली मुलगी मला फोन करून विचारत होती की हा माणूस तुरुंगात दिवस मोजतोय का.

सुताराच्या परीक्षेत तू पहिल्यांदा नापास झालास. हातकामात पैकीच्या पैकी, लेखीत जर्मन आडवं आलं. मग सहा महिने जेवणाच्या सुट्टीत मी प्रश्न विचारायचे आणि तू वेफर्स खात उत्तरं द्यायचास. ओल्या लाकडाचं आकुंचन, वाऱ्याचा भार, सांध्यांची नावं. माझंही लाकडाचं ज्ञान तिथेच वाढलं. जुलैमध्ये निकाल आला. तू पत्र न उघडता साइटवर घेऊन आलास आणि म्हणालास की आधी यादीत लिही. मी लिहिलं: कॉनरची परीक्षा. मग तू पाकीट फाडलंस, वाचलंस, आणि माझ्या हातातलं पेन घेऊन स्वतःच खूण केलीस. ती खूण कागदाच्या पार पलीकडे गेली आहे. खालच्या तीन पानांवर तिचा वळ आहे.

मी लगेच म्हणाले, आता आईला फोन कर. आता लपवण्यासारखं काय राहिलं? तू म्हणालास, रिश्टफेस्ट झालं की. रिश्टफेस्ट म्हणजे आजचा दिवस. छपराचा सांगाडा पुरा झाला की सुतार टोपी-जाकीट घालून वर चढतो, स्वतः रचलेल्या ओळी म्हणतो, ग्लास रिकामा करतो आणि खाली फेकतो. ग्लास फुटला की घराचं भलं. या वेळी रुडीनं तो मान तुला दिला होता. आईला आधी काही सांगू नकोस, थेट इथे आण, असं मी म्हटलं. तू हो-नाही काहीच केलं नाहीस. माझा आवाज चढला.

“कॉनर, तुला सुतार असल्याची लाज वाटते का?”

“मला नाही,” तू म्हणालास.

एवढंच म्हणालास आणि रंधा उचललास. मी ते उत्तर ऐकलं, पण माझं लक्ष पुढच्या मुद्द्याकडे होतं. माझं तसंच असतं, हे तुला माहीत होतं. मी दुसरा मुद्दा काढला, तिसरा काढला. दोन वर्षं मी तुला खोटारडा ठरवत आले आणि तू ऐकून घेत आलास.

मग बारा ऑक्टोबरचा रविवार. तू झोपेतून उठलाच नाहीस. हृदयात जन्मापासून काहीतरी होतं, म्हणतात, जे कुणाला कधी कळलंच नाही. सत्तावीस वर्षं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. मला जे करता येतं ते मी केलं, म्हणजे यादी. दाखला, वकिलात, विमानाची कंपनी, घरमालक, तुझ्या खोलीतलं सामान. सामान दोन खोक्यांत मावलं. खिळ्याला टोपी होती, पारदर्शक पिशवीत घातलेली, एकदाही न वापरलेली. आणि एक वही, तीत आजच्यासाठी रचलेल्या ओळी. जर्मनमध्ये. चुका होत्या, मी सुधारल्या नाहीत.

नोराबाई या मंगळवारी येणार होत्या. कंपनीनं रिश्टफेस्ट पुढे ढकलायचं का विचारलं. सुतार तिघं नाही म्हणाले. मग मी साइटवर सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं की कॉनरच्या आईला तो इंजिनिअर होता असं वाटतं, त्यानं ते तसंच ठेवलं होतं, आपणही शुक्रवारपर्यंत तसंच ठेवू. मी तुला तुझ्या हयातीत यावरून बोलले होते, पण तू नसताना ते फोडायचा अधिकार माझा नाही असं मला वाटलं. रुडी हातातली मोजपट्टी उघडत-मिटवत उभा होता. तो म्हणाला, तो ज्या छपराखाली काम करत होता त्याच छपराखाली उभं राहून मी तो सुतार नव्हता असं म्हणणार नाही, विद्या, तू मला घरी पाठव हवं तर. टिम आणि यासीन त्याच्या बाजूला सरकले. माझ्या साइटवर मला कुणी असं ‘नाही’ म्हटलेलं मला आठवत नाही. मंगळवारपर्यंत मला उत्तर शोधायचं होतं.

ते मी शोधलं नाही. तुझ्या आईनं मला शोधूच दिलं नाही.

विमानतळावरून मी त्यांना आमच्याकडेच आणलं. बुटक्या, ताठ, दोन्ही हातांनी पर्स धरलेल्या. चहा दिला. त्यांनी कपात डोकावून चहात आलं घातलंय का विचारलं, कारण तू फोनवर सांगितलं होतंस. मग मी सुरुवात केली. गाडीत पाठ केलेली वाक्यं होती: कॉनरचं ऑफिसमधलं काम, त्याची जबाबदारी. दुसऱ्या वाक्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

“विद्या, तो सुतार होता,” नोराबाई म्हणाल्या. “त्यानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. इंजिनिअर त्याला मी केलं.”

मग त्या बोलल्या, सलग, टेबलावरच्या माझ्या यादीकडे बघत. त्यांचे वडील हातोडा घेऊन इंग्लंडला गेले होते, मोठा भाऊ हातोडा घेऊन गेला. वडील छातीत धूळ घेऊन परतले. भाऊ परतलाच नाही. तिकडून उंच इमारतींचे फोटो पाठवायचा, आणि तो गेल्यावर कळलं की राहायचा एका खोलीत, आणखी पाच जणांबरोबर. तुझा फोन आला, आई, मी सुतारकाम शिकतोय, तेव्हा त्यांना तुझा आवाज ऐकू आला नाही, भावाचे हात दिसले. दुसऱ्या दिवशी टपालाच्या दुकानात कुणीतरी विचारलं, मुलगा काय करतो? आणि त्यांच्या तोंडून ‘इंजिनिअर’ निघून गेलं. पुढच्या वर्षी दुकानदारीण म्हणाली, फोटो दाखव की. तेव्हा त्यांनी तुला फोन केला आणि पांढऱ्या हेल्मेटातला फोटो मागितला. तू म्हणालास, बरं आई. एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस.

म्हणजे तू त्या दिवशी मला खरं उत्तर दिलं होतंस. मला नाही. लाज कुणाला वाटत होती ते सांगितलं असतंस तर मी त्याच क्षणी गप्प बसले असते. पण मग आई माझ्यासमोर लहान झाली असती, आणि तू त्यापेक्षा दोन वर्षं माझी बोलणी खाल्लीस, रोज माझी चटणी खात. कॉनर, मी पन्नाशीची बाई आहे. दीडशे माणसांच्या साइट चालवल्या आहेत. मला वाटायचं, मी तुला शिकवते आहे.

मी नोराबाईंना विचारलं की शुक्रवारी काय करायचं, न येणंही चालेल. त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि विचारलं, वर चढायला जिना आहे का शिडी.

तर आजचा वृत्तांत. जिना होता. मी त्यांना माझं पांढरं हेल्मेट पुढे केलं, त्यांनी ते परत केलं आणि पिवळं मागितलं. वर पोचल्यावर त्या म्हणाल्या, यातलं त्याचं कुठलं? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, यादीत. या छपरात एकशे अठरा नवीन लाकडं आहेत आणि त्रेचाळीस तुझी. मी म्हटलं, काही दाखवते. त्या म्हणाल्या, सगळी. खाली नगरपालिकेचे गृहस्थ घड्याळ बघत होते. मी त्यांना वरून सांगितलं की कार्यक्रमाला पाऊण तास उशीर आहे. तेवीस वर्षांत या देशात मी पहिल्यांदा कुठल्या कार्यक्रमाला उशीर केला, आणि मुद्दाम केला.

मी आकडा वाचायचे, यासीन लाकूड दाखवायचा, तुझी आई त्यावर हात ठेवायची. तुळई. वासा. वासा. खांबाचा नवीन पाय. प्रत्येक वेळी त्या बोटानं तुझी कोरलेली खूण चाचपायच्या. चार क्रमांकाच्या टेकूपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, हे चुकलंय, चार असे लिहीत नाहीत. यासीन इतका हसला की त्याला कठड्याला धरावं लागलं. मग त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना सगळी गोष्ट सांगितली, क्रेनसकट, माझ्या बोलण्यासकट. माझी नक्कल तो चांगली करतो, हे मला आज कळलं. नोराबाई पहिल्यांदा हसल्या. छपराखालून तो आवाज असा आला की खाली मुलं वर बघायला लागली.

त्रेचाळीसाव्या लाकडानंतर त्यांनी हाताला लागलेला भुसा झटकला नाही. म्हणाल्या, माझ्या भावाच्या हातचं काही कुठे उभं आहे का, हे मला आजवर कळलेलं नाही.

मग रुडी वर चढला, पूर्ण पोशाखात. तुझी वही उघडली आणि तुझ्या ओळी वाचल्या, तुझ्या चुकांसकट. ‘कोठार’चं लिंग तू चुकवलं होतंस तिथे तो ठासून तसंच म्हणाला आणि बालवाडीच्या बाई गालातल्या गालात हसल्या. तू लिहिलं होतंस की इथे पूर्वी तंबाखू वाळायचा, आता मुलांचे मोजे वाळतील. तू लिहिलं होतंस की मी समुद्रापलीकडून आलो आणि छप्पर माझ्याआधी दीडशे वर्षं इथे होतं, त्यानं मला जागा करून दिली. शेवटच्या दोन ओळी तू लिहिल्याच नव्हत्यास. रुडीनं त्या रचल्या नाहीत. जिथे तू थांबलास तिथे तो थांबला, ग्लास रिकामा केला आणि फेकला.

ग्लास फुटला नाही. तो खाली रंध्याच्या सालपटांच्या ढिगात पडला, बहुधा तू महिनाभरापूर्वी केलेल्या. मी दहा वेळा यादी तपासली होती, खाली दगड ठेवायचा हे तीत नव्हतं. इथल्या लोकांसाठी ही साधी गोष्ट नाही. नगरपालिकेच्या बाईंचा हात तोंडावर गेला. रुडी वर पुतळ्यासारखा उभा.

आणि नोराबाईंनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच, जोरात. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ग्लास फुटायचा असतो. एवढ्या उंचावरून पडून शाबूत राहिला, तेच यश, असं त्यांनी धरलं. मुलांनाही ते पटलं. एकोणीस मुलांनी टाळ्या वाजवल्या, मग आम्ही सगळ्यांनी, मग नगरपालिकेनं. रुडीनं वरून ओरडून सांगितलं की आज आयरिश नियम चालतील. मी रोजवहीत तसंच लिहिलं आहे: ग्लास शाबूत, कार्यक्रम यशस्वी. ज्यानं वाचायचं त्यानं वाचावं.

टोपी तुझ्याबरोबर येते आहे. ती तुझ्यासोबत पेटीत ठेवायची असं नोराबाईंनी सांगितलं आणि मी तसं फॉर्ममध्ये लिहिलं. तू ज्या टोपीसाठी इथे आलास ती घेऊन रविवारी घरी जातो आहेस. ती तू कमावली होतीस, हे तुझ्या गावातल्या प्रत्येकाला कळणार आहे.

दुपारी सूप पिताना मी अण्णांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. सरळ सांगितलं की अण्णा, मी आजवर एकही पूल बांधलेला नाही. ते म्हणाले, “मला काय ते माहीत नाही? पण पूल म्हटलं की समोरचा गप्प बसतो. बालवाडी म्हटलं की चौकशा करतो.” मी म्हटलं, करू द्या चौकशा, मी सांगते तशी उत्तरं द्या. मग मी त्यांना या छपराचं सगळं सांगितलं आणि ते लिहून घेत होते, कारण मध्येच म्हणाले, थांब, पेन चालत नाही.

फोन ठेवला तेव्हा नोराबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांच्याकडे माणूस गेल्यावर महिन्यानं चर्चमध्ये पुन्हा प्रार्थना असते आणि सगळा गाव येतो, टपालाच्या दुकानातले सुद्धा. तिथे त्यांना उभं राहून खरं सांगायचं आहे: मुलगा काय होता आणि इंजिनिअर कुणी केला. दुसरी गोष्ट माझी मी बोलेन, म्हणाल्या. पहिली तू लिही, इंग्रजीत, एक पान, मला चष्मा न लावता वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. आणि यादी नको, विद्या, वाक्यं लिही.

हरकत नाही म्हटलं. घरी आल्यापासून कागद समोर आहे. पहिलं वाक्य झालं: कॉनर सुतार होता. रविवारी विमानापूर्वी पान त्यांच्या हातात द्यायचं आहे. दुसरं वाक्य अजून लिहायचं राहिलं आहे.